पांढऱ्या अस्वलाची सुगी



आपल्या वर्गातल्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला आहे. त्याच्यापुढे जरा उभे राहा. आधी भारत शोधा, मग महाराष्ट्र. औसा हे नाव त्या नकाशावर छापलेले नाही. पण हैदराबादच्या डाव्या अंगाला, थोडे वर, आपले गाव कुठे असेल याचा अंदाज तुम्हाला येईल. तिथे बोट ठेवा आणि नाकासमोर सरळ वर, म्हणजे उत्तरेकडे, सरकवत न्या. मध्य प्रदेश लागेल, राजस्थान लागेल, हरियाणा-पंजाब लागेल. मग हिमालय. त्याच्यापलीकडे काराकोरमच्या डोंगररांगेत के-टू नावाचे शिखर आहे. उंचीत जगात त्याचा दुसरा नंबर. गंमत म्हणजे ते आपल्या औशाच्या जवळजवळ बरोब्बर उत्तरेला आहे! आणखी वर जा. चीन, किर्गिझस्तान, कझाकस्तान आणि शेवटी रशियाचा सायबेरिया. सायबेरिया संपला की समुद्र लागतो. त्याचे नाव कारा समुद्र. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे. त्याच्याही वर उत्तर ध्रुव. तिथे बोट थांबवा, कारण त्याच्यापुढे उत्तर दिशाच नाही!

आता थोडे गणित. औसा १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, ध्रुव ९० अंशांवर. मधे राहिले ७२ अंश. एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार करा. सुमारे आठ हजार किलोमीटर होतात.

त्या भागात एक प्राणी राहतो. त्याला पांढरे अस्वल किंवा ध्रुवीय अस्वल म्हणतात. आज त्याच्यावर मोठे संकट आले आहे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “गुरुजी, आठ हजार किलोमीटरवरच्या अस्वलाचं आपल्याला काय करायचंय? इथं उन्हाळ्यात आपल्याच आडाला पाणी राहत नाही!” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या लेखात आहे, पण ते शेवटी येईल. आधी अस्वलाची ओळख करून घेऊ.

देवणी बैलाएवढे अस्वल

आपल्या देशातले अस्वल तुम्ही चित्रात पाहिले असेल. काळे, झिपरे, मध आणि वाळवी खाणारे. ध्रुवीय अस्वल त्याचे दूरचे भाऊबंद. पण त्याचा थाट वेगळा. पूर्ण वाढलेला नर साडेतीनशे ते सहाशे किलो भरतो, म्हणजे आपल्या भारी देवणी बैलाएवढा! मादी साधारण निम्म्या वजनाची.

एवढ्या मोठ्या प्राण्याचे पिल्लू मात्र जन्मताना जेमतेम सहाशे ग्रॅमचे असते. मादी बर्फात बीळ करते, त्यातच ऐन हिवाळ्यात तिला पिल्ले होतात. बहुधा जुळी. पिल्ले मोठी होऊन बिळाबाहेर येईपर्यंत आई काहीही खात नाही. अंगावरच्या चरबीवर स्वतः जगते आणि पिल्लांना दूध पाजते. पुढे दोन-अडीच वर्षे पिल्ले आईच्या मागे मागे हिंडून शिकार शिकतात.

आणखी एक नवल ऐका. या अस्वलाची कातडी पांढरी नसते, काळी असते! केसही खरे तर बिनरंगी आणि आतून पोकळ असतात. त्यांवर प्रकाश पडून विखुरतो म्हणून ते आपल्याला पांढरे दिसतात. कातडीखाली चरबीचा थर असतो, तो कधी कधी दहा सेंटिमीटरपर्यंत जाड होतो. एवढे पांघरूण असल्यावर थंडी काय करणार?

बर्फ हेच त्याचे शेत

हे अस्वल खाते काय? झाडे नाहीत, मोहाची फुले नाहीत, मधाची पोळी नाहीत. ते खाते सील. सील हा समुद्रात राहणारा प्राणी. पोहतो माशासारखा, पण मासा नव्हे. म्हशीसारखा तोही पिल्लांना दूध पाजतो आणि नाकाने हवा घेतो. समुद्र वरून गोठला की सील बर्फाला खालून भोके पाडून ठेवतो आणि श्वास घ्यायला अधूनमधून त्या भोकाशी येतो.

नेमके तिथेच अस्वल बसलेले असते. न हलता, न आवाज करता, तासन् तास. सीलने नाक वर काढले की पंजा पडलाच! मांसापेक्षा सीलची चरबी त्याला जास्त लागते, कारण तीच त्याच्या अंगावर साठते. शास्त्रज्ञांनी हिशेब केला आहे की अंगावरचे वजन टिकवायचे तर अस्वलाला दर दहा-बारा दिवसांनी एक मोठा सील मिळायला हवा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मोकळ्या पाण्यात सील अस्वलापेक्षा कितीतरी चपळ. अस्वल पोहते चांगले, पण पोहून सील पकडणे त्याला जमत नाही. त्याला पायाखाली बर्फ लागतो. बर्फ असेल तर शिकार, बर्फ नसेल तर उपास.

त्यातही वर्षातले दोन-तीन महिने फार मोलाचे. एप्रिल, मे आणि जूनच्या सुरुवातीला सीलची नवी पिल्ले बर्फावर असतात, गुबगुबीत आणि नवखी. तेव्हा अस्वल पोटभर खाते आणि वर्षाची बेगमी अंगावर चढवते. ही त्याची सुगी! आपण ज्वारी काढतो, खळे करतो, वर्षाचे धान्य कणगीत भरतो. अस्वलाची कणगी त्याच्या कातडीखाली असते, एवढाच फरक.

आता विचार करा, ऐन सुगीत तीन आठवडे आधीच शेत पायाखालून निघून गेले तर?

पृथ्वीवरची वाकळ

तेच घडत आहे. का घडत आहे ते पाहू.

थंडीत आजी वाकळ पांघरते. वाकळ स्वतः काही चुलीसारखी तापत नाही. ती फक्त अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीभोवतालच्या हवेत काही वायू असतात, ते असेच काम करतात. दिवसा सूर्याच्या उन्हाने जमीन तापते, ती उष्णता परत आकाशात जायला निघते, तेव्हा हे वायू त्यातली काही अडवून ठेवतात. हे थोडेफार हवेच, नाहीतर सगळी पृथ्वी गोठून गेली असती. पण एकावर एक वाकळा टाकतच राहिलो तर?

या वायूंतला मुख्य म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की तो हवेत जातो. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ साली अमेरिकेतल्या हवाई बेटावर तो रोजच्या रोज मोजायला सुरुवात झाली, तेव्हा ३१५ होता. २०२४ साली तो ४२० च्या पुढे गेलेला होता. म्हणजे वाकळ जाड होत चालली आहे. मोजमाप सुरू झाल्यापासून सगळ्यांत उष्ण वर्ष कोणते? तर तेच, २०२४.

कोणी म्हणेल, “एक-दीड अंशानं असं काय होतंय? औशात तर मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो.” मित्रांनो, चाळीसचे एक्केचाळीस झाले तर आपल्याला घाम थोडा जास्त येतो. पण जिथे पारा बर्फ व्हायच्या काठावरच उभा आहे, तिथे एका अंशाने बर्फाचे पाणी होते. समुद्राचे खारे पाणी उणे दोन अंशांच्या आसपास गोठते. त्याच्यापेक्षा जरा जास्त झाले की ते गोठतच नाही!

पांढरे आणि काळे

तिकडे आणखी एक गोष्ट घडते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांवर पांढऱ्या मातीचे माळवद असते. दुपारी त्यावर अनवाणी चालता येते. पण काळ्या डांबरी सडकेवर दुपारी पाय ठेवून पाहा बरे! पांढरे ऊन परत फेकते, काळे ते पिऊन घेते.

ध्रुवाजवळचा समुद्र म्हणजे एक मोठे पांढरे माळवद होते. ताज्या बर्फावर दहा वाट्या ऊन पडले तर आठ-एक वाट्या परत जाते. बर्फ वितळून खालचे गडद पाणी उघडे पडले की दहातल्या नऊ वाट्यांहून जास्त ऊन पाण्यातच मुरते. पाणी तापते. तापलेले पाणी आणखी बर्फ वितळवते. मग आणखी पाणी उघडे पडते. असे हे चक्र. म्हणूनच १९७९ पासून पाहिले तर उत्तर ध्रुवाचा प्रदेश बाकीच्या जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

बर्फ किती कमी झाला? त्या समुद्रावर सप्टेंबर महिन्यात बर्फ सर्वांत कमी असतो. १९८० च्या सुमारास तो सप्टेंबरातही सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर उरायचा. २०१२ साली तो फक्त ३४ लाख उरला, आजवरचा नीचांक. २०२४ साली सुमारे ४३ लाख होता. सत्तरातून त्रेचाळीस वजा करा. आपला अख्खा महाराष्ट्र सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर. म्हणजे नऊ महाराष्ट्र मावतील एवढे बर्फाचे शेत नाहीसे झाले!

उपाशी दिवस

कॅनडात हडसन उपसागर आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अस्वलांचा अभ्यास कित्येक वर्षे चालू आहे. तिथला बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळतो, मग अस्वले जमिनीवर येऊन थंडीची वाट बघत बसतात. पूर्वीपेक्षा ही वाट आता तीन-चार आठवड्यांनी लांबली आहे. त्या काळात एक अस्वल रोज सुमारे एक किलो वजन गमावते. गवत, बोरासारखी फळे, पक्ष्यांची अंडी खाऊन ते पोट भरू पाहते. पण हत्तीला भजी खायला घातल्यासारखे होते ते.

त्या भागात २०१६ साली ८४२ अस्वले असावीत असा अंदाज होता. २०२१ च्या मोजणीत ६१८ निघाली. जाणती अस्वले कशीबशी तग धरतात. पिल्ले आणि माद्या आधी जातात. आईच्या अंगावर चरबी नाही, तर दूध कुठून येणार?

अलास्काच्या उत्तरेला २००८ साली एका मादीच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी यंत्राचा पट्टा बांधला होता. बर्फ शोधत ती नऊ दिवस न थांबता पोहत राहिली, ६८७ किलोमीटर! औशाहून मुंबईला जाऊन अर्ध्या वाटेने परत यावे, एवढे ते अंतर. तिचे पाचवा हिस्सा वजन गेले. सोबत तिचे वर्षाचे पिल्लू होते, ते मात्र पोहोचले नाही.

त्याच हडसन उपसागराच्या काठी चर्चिल नावाचे आठ-नऊशे वस्तीचे गाव आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फाची वाट पाहणारी अस्वले गावाजवळ येतात. तिथे लोक गाडीची दारे कुलूप न लावता ठेवतात, का, तर अस्वल मागे लागले तर कोणालाही आत शिरता यावे! गावात सारखी येणारी अस्वले पकडून एका इमारतीत ठेवतात. लोक त्याला अस्वलांचा तुरुंग म्हणतात. तिथे त्यांना पाणी देतात, पण खायला घालत नाहीत. कारण एकदा का माणसाकडे खायला मिळते हे कळले, की अस्वल पुन्हा पुन्हा येणार आणि एखाद्या दिवशी माणूस नाहीतर अस्वल मरणार. बर्फ झाला की त्यांना सोडून देतात.

सगळीकडे अशीच स्थिती आहे असे मात्र समजू नका. जगात या अस्वलांचे वीसएक गट आहेत आणि सगळी मिळून सुमारे २६ हजार अस्वले असावीत. काही गट घटले आहेत, काही अजून टिकून आहेत. म्हणजे वेळ गेलेली नाही. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटले आहे की कोळसा आणि तेल आजच्यासारखेच जाळत राहिलो, तर हे शतक संपेपर्यंत बहुतेक गट संपतील.

बंदुकीपासून वाचले, पण...

एकदा माणसाने या अस्वलाला खरेच वाचवले होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी संकट वेगळे होते. हौशी शिकारी विमानातून आणि जहाजातून येऊन अस्वले मारत असत. तेव्हा कॅनडा, अमेरिका, रशिया (त्या वेळचा सोव्हिएत संघ), नॉर्वे आणि डेन्मार्क हे पाच देश एकत्र आले. त्यातले काही एकमेकांशी धड बोलतही नसत. तरी १५ नोव्हेंबर १९७३ रोजी ओस्लो शहरात त्यांनी करार केला. पिढ्यान्पिढ्या तिथेच राहणाऱ्या आणि शिकारीवर जगणाऱ्या लोकांना थोडी मुभा ठेवली, बाकी शिकारीला आळा घातला. बऱ्याच ठिकाणी अस्वले पुन्हा वाढली.

मग आताच का अवघड झाले? याचे उत्तर आपल्या शेजारच्या माळढोक पक्ष्यावरून कळेल. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. माळढोकला शिकाऱ्यापासून जपायचे तर राखणदार ठेवता येतो. पण तो राहतो मोकळ्या गवताळ माळावर. माळ नांगरला गेला, त्यावर तारा आल्या, घरे झाली, की राखणदार काय करणार? आज आपल्याकडे तो दिसणे फार दुर्मिळ झाले आहे. प्राणी वाचवायचा म्हणजे आधी त्याची जागा वाचवायची.

माळाला निदान कुंपण तरी घालता येते. बर्फाला कोण कुंपण घालणार? ऊन काही पास काढून आत येत नाही. अस्वलाची जागा म्हणजे थंडी, आणि ती थंडी राखायची तर ध्रुवावर जाऊन भागत नाही. जिथे जिथे धूर निघतो तिथे तिथे काम करावे लागते.

गोव्यातून ध्रुवाकडे

आता आपल्या माणसांकडे येऊ. गोव्यात वास्को शहरात समुद्रकाठी एक संस्था आहे: राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्र. ती १९९८ साली सुरू झाली. बारा महिने घाम येणाऱ्या गोव्यात बसून तिथले शास्त्रज्ञ बर्फाचा अभ्यास करतात!

नॉर्वेच्या ताब्यात स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तिथे न्यू-ओलेसुन्द नावाची शास्त्रज्ञांची छोटीशी वस्ती आहे, ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटरवर. १ जुलै २००८ रोजी भारताने तिथे ‘हिमाद्री’ नावाचे केंद्र उघडले. त्याचा सगळा कारभार गोव्यातून चालतो. तिथे वस्तीबाहेर जायचे तर सोबत बंदूक न्यावी लागते, अस्वल मारायला नव्हे, जीव वाचवायची वेळ आली तर. घरांना कुलूप लावत नाहीत, कारण तेच, चर्चिलसारखे. हिवाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. तरी डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ हिवाळ्यातही तिथे राहू लागले.

त्या वस्तीसमोर समुद्राची एक खाडी आहे. २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी तिच्या पाण्यात १९२ मीटर खोलीवर एक यंत्रमाला सोडली. पाण्याचे तापमान, खारेपणा ती मोजत असते. हीच खाडी पूर्वी हिवाळ्यात गोठून कडक होत असे. २००६ सालापासून मात्र बहुतेक हिवाळ्यांत ती नीट गोठत नाही.

कारा समुद्र आणि आपला सप्टेंबर

आता ते लक्षात ठेवलेले नाव आठवा. कारा समुद्र. २०२१ साली गोव्याच्या याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या उन्हाळ्यात कारा समुद्रावरचा बर्फ फार कमी होतो, त्या वर्षी सप्टेंबरात मध्य भारतात धुवाधार पाऊस पडण्याचा संबंध त्याच्याशी असू शकतो, असे त्यांना दिसले. बर्फ गेला की तिथली हवा तापते, वरच्या वाऱ्यांची वाट बदलते आणि त्याचा धक्का दूरवर पोहोचतो. शास्त्रज्ञ ‘असू शकतो’ म्हणतात, ‘आहेच’ म्हणत नाहीत. ही त्यांची शिस्त आपणही पाळू.

पुण्याला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस वाढला असे नाही. तो एकदम पडतो आणि मधे दडी मारतो.

हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज आहे का? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हते, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे पुढे एका खेपेला पन्नास डब्यांतून पंचवीस लाख लिटर. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात एवढा पाऊस झाला की नद्या शेतात शिरल्या, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. सुगीच हातची गेली.

दुष्काळ पूर्वीही पडत. १९७२ चा दुष्काळ तुमच्या आजोबांना विचारा. प्रत्येक दुष्काळाचा आणि प्रत्येक पुराचा दोष तापलेल्या हवेवर टाकणे बरोबर नाही. पण वाकळ जाड झाली की पाऊस लहरी होतो, एवढे नक्की. आता सांगा, आठ हजार किलोमीटरवरच्या अस्वलाची सुगी आणि आपली सुगी यांचा काही संबंध आहे की नाही?

कोणी किती जाळले?

एक गोष्ट मनाला लागते. अस्वलाने कधी कोळसा जाळला नाही. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यानेही फार जाळला नाही. अमेरिकेतला एक माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला एक माणूस सुमारे दोन टन. ज्यांनी कमी जाळले त्यांनाच झळ जास्त, असा हा उलटा न्याय आहे. म्हणून ज्यांनी जास्त जाळले त्यांनी आधी आणि जास्त कमी करावे, असे आपला देश जगाच्या सभेत सांगतो. ते रास्तच आहे.

पण म्हणून आपण हात बांधून बसायचे का? शेजारी परळीला कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावे लागले. कोळशाने वाकळ जाड होते, पाऊस लहरी होतो, आणि पाऊस नसला तर कोळशाचे केंद्रही चालत नाही! ऊन मात्र औशात फुकट आहे. ते पाण्याशिवाय वीज देते. शिवारात सौरपंप दिसू लागले आहेत, ते त्यासाठीच. २०२५ साली देशातली वीज तयार करण्याची निम्मी क्षमता कोळसा-तेलाखेरीज इतर साधनांची झाली. प्रत्यक्षात अजून जास्त वीज कोळशावरच होते, तरी वाट योग्य आहे.

मग आपण काय करायचे?

एका शाळेने दिवे विझवल्याने ध्रुवावरचा बर्फ वाढणार नाही, हे खरे सांगितलेले बरे. बर्फ राखायचा तर मोठ्या देशांनी, कारखान्यांनी, सरकारांनी बदलावे लागेल. पण ती सरकारे कोण निवडते? कारखान्यात आणि प्रयोगशाळेत उद्या कोण बसणार? तुम्हीच ना!

तोवर एवढे करा. वापर नसेल तेव्हा वर्गातला पंखा-दिवा बंद करा. शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी कुठे जाते ते पाहा आणि ते मुरवायला शोषखड्डा खणा. बांधावर लिंब, बाभूळ, आंबा लावा आणि लावला तो पहिले तीन उन्हाळे जगवा. लावणारे पुष्कळ असतात, जगवणारे थोडे. आणि मोजायला शिका. रोज पाऊस किती पडला, पारा किती चढला, हे वहीत लिहा. त्या मादीच्या गळ्यातल्या पट्ट्याने मोजले म्हणून जगाला कळले. तुमच्या वहीवरून उद्या औशाचे कळेल.

१९७३ साली भांडणाऱ्या पाच देशांनी एका प्राण्यासाठी हातात हात दिला होता. आता पाच पुरणार नाहीत, सगळेच लागतील. पण एकदा जमले, ते पुन्हा जमणार नाही असे कोणी म्हणू नये.

करून पाहा

दोन सारख्या वाट्या घ्या. दोन्हींत सारखेच पाणी घाला. एक वाटी काळ्या कागदावर ठेवून काळ्याच कागदाने गुंडाळा, दुसरी तशीच पांढऱ्या कागदाने. तासभर उन्हात ठेवा. मग बोट बुडवून पाहा. कोणते पाणी जास्त तापले? का?

सांगा पाहू

१. ध्रुवीय अस्वलाच्या कातडीचा रंग कोणता?
२. अस्वलाला सील पकडायला बर्फ का लागतो?
३. औशाच्या सरळ उत्तरेला कोणता समुद्र आहे?
४. माळढोक आणि पांढरे अस्वल यांच्या संकटात सारखे काय, वेगळे काय? पाच ओळी लिहा.

उत्तरे वहीच्या पानावर लिहून शनिवारपर्यंत वर्गात द्या. सर्वांत चांगले उत्तर पुढच्या अंकात याच भिंतीवर लागेल.